मक्रेनिनांचा घरजावई

आमच्या सर्बियातल्या तिसा नदीकाठच्या गावांत अनोळखी माणसाला कुणी ‘नाव काय तुझं?’ असं विचारत नाही. ‘कुणाचा रे तू?’ असं विचारतात, आणि उत्तर आडनावाच्या शेपटात असतं. शेवटी ‘इच’ आलं की हा कुणातरी पूर्वजाचं लेकरू. नुसतं ‘ओव’ आलं की ‘त्याचा’, मग मुलगा असो की गडी. ‘स्की’ म्हणजे अमक्या गावचा, मराठी मुलखात ‘कर’ लावतात तसा. आणि ‘इन’ आलं की समजावं, या घराण्यात बहुतेक एखादी खमकी बाई होऊन गेली आहे, जिच्यापुढे नवऱ्याचं नाव टिकलं नाही.

मक्रेनिनांच्या घराण्यात अशी बाई होऊन गेली होती. मक्रेना तिचं नाव. कुठल्याशा लढाईत नवरा गेला, दीर जमिनीवर टपून बसले, तेव्हा या बाईने नांगराला एकीकडे बैल आणि दुसरीकडे दुभती गाय जुंपली आणि एकटीने शेत नांगरून काढलं. तिच्या पोरांना गाव ‘मक्रेनिन’ म्हणू लागलं, म्हणजे मक्रेनाचे. तेव्हापासून त्या घरातल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या हे बाईचं नाव मिशीला पीळ देत मिरवलं. अशा घराने बाहेरून आलेल्या एका माणसाशी जे केलं, ते ऐकून अजूनही माझ्या गावातल्या म्हाताऱ्या थुंकतात.

तो माणूस ऑस्तोया. जन्माने वुकायलोविच, वर बोस्नियातल्या ग्रमेच डोंगरावरचा. महायुद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत तो मळणीयंत्राच्या टोळीबरोबर खाली सपाटीवर आला. डोंगरात दगडं उपसून बटाटा काढणारं पोर ते, इथली काळी जमीन बघून त्याला वेडच लागलं. माती मुठीत घेऊन हुंगत बसायचा, आणि टोळीतली माणसं त्याला हसायची. मळणी संपली, टोळी पुढच्या गावाला गेली, आणि हा मात्र मक्रेनिनांच्या अंगणात मागे राहिला. कारण उघड होतं. मक्रेनिनांची एकुलती एक मुलगी स्मिल्या मळणीवर पाण्याची सुरई घेऊन यायची, आणि ऑस्तोयाच्या हातात देताना दुसरीकडे बघून हसायची.

स्मिल्याचा बाप प्रोका हा बुटका, जाड मानेचा आणि फार कमी बोलणारा माणूस. त्याने पोरीचं हसणं पाहिलं, ऑस्तोयाचे खांदे पाहिले, आणि एका रविवारी त्याला चर्चच्या भिंतीपाशी गाठलं. पाद्री होता, शेजारचा नेस्तोर लोहार होता.

“पोरगी देतो,” प्रोका म्हणाला. “पण घराबाहेर देत नाही. तू आत यायचं.”

“घरजावई?”

“घरजावई. आडनाव माझं लावायचं. तुझं ते ‘इच’ डोंगरावर ठेवून ये. आणि संत माझ्या घरचा. तुझा लूका तिकडेच राहू दे. एका छपराखाली दोन संत नांदत नाहीत.”

खरं म्हणजे नांदतात. गावातल्या दुसऱ्या घरजावयांना बापाकडच्या संताची लहानशी मेणबत्ती लावायला कुणी मना करत नव्हतं. पण ऑस्तोयाला हे कोण सांगणार? त्याने जमिनीविषयी काही विचारलं नाही, हुंड्याविषयीही नाही. एकच विचारलं, “आणि तुमच्यामागे रोट कोण मोडणार?”

हा प्रश्न ऐकून पाद्रीनेसुद्धा मान डोलावली म्हणतात, कारण पोराने बरोबर नस पकडली होती. सर्बांच्या प्रत्येक घराला एक संत असतो, आणि त्याच्या दिवसाला स्लावा म्हणतात. त्या दिवशी घराचा यजमान आणि पाद्री मिळून एक गोल रोट हातांत धरून फिरवतात, त्यावर वाइन ओततात आणि दोघं मिळून तो मोडतात. यजमान थकला की भर पाहुण्यांत तो रोट आपल्या वारसाच्या हाती देतो. जमिनीचे कागद काहीही म्हणोत, ज्याच्या हाती रोट त्याचं घर आणि त्याचं नाव.

“तूच मोडशील. मला दुसरं आहे कोण?” प्रोका म्हणाला आणि तळहातावर थुंकून त्याने हात पुढे केला. “मक्रेनाची शपथ.”

ऑस्तोयाने हात दिला. मग तो सांगायला डोंगरावर गेला. बाप, ग्लिगोर, चुलीकडे बघत म्हणाला, “संत लूकाने तुझं काय वाईट केलं होतं रे?” धाकटा भाऊ क्रस्तान एवढा सभ्य नव्हता.

“वा दादा! नवरा व्हायला गेलास आणि नवरी होऊन आलास.”

“तू गप्प बस.”

“बसतो. तिकडे गेल्यावर तुझ्या नावाला काय लागणार ते सांग. ‘इच’ म्हणजे बापाचं लेकरू. तू आता कुणाचं लेकरू?”

ऑस्तोया त्या वेळी प्रेमात होता, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला अशा प्रश्नांची उत्तरं सोपी वाटतात. कचेरीत जाऊन त्याने सही केली आणि ऑस्तोया मक्रेनिन होऊन बाहेर आला. पाठोपाठ लग्न झालं. लूकाच्या दिवशी त्याने मेणबत्ती लावली नाही. पहिल्या वर्षी त्याला चोरट्यासारखं वाटलं. पुढे त्याचीही सवय झाली.

कागदावर मक्रेनिन झाला तरी गावाने त्याचं बारसं वेगळंच केलं. गाव त्याला ‘स्मिलिन’ म्हणू लागलं, म्हणजे स्मिल्याचा. गुत्त्यात शिरला की नेस्तोर लोहार लांबूनच ओरडायचा.

“काय स्मिलिन, आज सुटी दिली वाटतं बाईसाहेबांनी?”

“दिली. आणि तुला विचारायला सांगितलंय, तुझ्या बायकोने तुला किती वाजेपर्यंत दिलीय?”

“माझं आडनाव माझ्या बापाचं आहे, बाबा.”

“माझं बाईचं आहे, मला कुठे लाज? मक्रेना काय पुरुष होती? थांब जरा. तुझ्या नातवांच्या वेळी माझे नातू स्मिलिन म्हणून मिशा पिळतील.”

सगळा गुत्ता हसायचा, नेस्तोर त्याला एक पेला पाजायचा. ऑस्तोयाला ते चिडवणं मनातून आवडायचं. ज्याला चिडवतात तो आपल्यातला, एवढं त्याला कळत होतं.

घरात मात्र तो कधी मोठ्याने हसला नाही. नदीकडचा पाणथळ तुकडा त्याने चर खणून कोरडा केला. गोठा नवा बांधला. डुकरं, मका, सूर्यफूल, घराचं छप्पर, सगळं त्याच्या अंगावर. दर शनिवारी तो प्रोकाची दाढी करायचा, कारण सासऱ्याचे हात लवकर कापू लागले होते. आणि स्लावाच्या दिवशी तो उभा राहायचा. मक्रेनिनांची स्लावा हिवाळ्याच्या तोंडावर येते, संत जॉर्जची. आमच्याकडे त्या दिवशी पाहुणे बसतात आणि यजमान दिवसभर उभा राहून वाढतो. स्वतःच्या स्लावाला यजमानाने खुर्चीला पाठ लावायची नसते. प्रोकाचे गुडघे गेलेले. रोट मोडून झाला की तो कोपऱ्यात बसायचा आणि त्याच्या जागी ऑस्तोया संध्याकाळपर्यंत उभा असायचा, तुतीच्या दारूचा चंबू हातात घेऊन. पाहुणे म्हणायचे, यजमान शोभतोस हो. तो सुखावायचा. गडीमाणूसही दिवसभर उभाच असतो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

मुलगा झाला, मिलिवॉय. त्या दिवशी प्रोकाने अंगणात येऊन हवेत बंदूक झाडली आणि सगळ्या गल्लीला दारू पाजली. ऑस्तोयाला वाटलं, म्हातारा आपल्या आनंदात सामील झाला. गरज सरो वैद्य मरो, ही म्हण बाळाच्या बारशाला कुणाला आठवते?

मिलिवॉय शिकला, नोवी साद शहरात पाणीखात्यात इंजिनियर झाला. स्वभावाने वाईट नव्हता. रविवारी मळलेले कपडे घेऊन यायचा आणि जाताना सॉसेज, अंडी, आईने केलेला खसखशीचा रोल घेऊन जायचा. आजोबांशी तासन्‌तास बोलायचा. बापाशी शेताचं बोलायचा, म्हणजे बाप बोलायचा आणि तो हूं म्हणायचा.

प्रोका नव्वदीला टेकला तेव्हा एका दुपारी जेवताना म्हणाला, “यंदा रोट देऊन टाकतो. हात राहत नाहीत आता.”

कुणाला ते त्याने सांगितलं नाही, आणि ऑस्तोयाला विचारायची गरज वाटली नाही. त्याचा घास हातातच राहिला. एवढी वर्षं वाट बघितली आणि आता ती इतक्या साध्या शब्दांत संपली, याचंच त्याला हसू येत होतं. स्मिल्या उठून मीठ आणायला आत गेली. मीठ टेबलावरच होतं.

दुसऱ्या दिवशी ऑस्तोयाने तालुक्याला जाऊन नवा सूट शिवायला टाकला. आणि मग त्याने एक गोष्ट केली जी आमच्याकडे कुणी करत नाही. स्लावाला आमंत्रण द्यायची रीत नाही. ज्याला ठाऊक आहे तो आपला येतो. बोलावणं करणं म्हणजे पाहुण्याचाही अपमान आणि संताचाही. ऑस्तोया मात्र बस धरून डोंगरावर भावाकडे गेला. बाप केव्हाच वारला होता. बापाच्या मातीला तो गेला होता आणि पाहुण्यासारखा मागच्या रांगेत उभा राहून परत आला होता.

“स्लावाला बोलावणं करतात होय रे?” क्रस्तान म्हणाला. “सपाटीवर राहून तेही विसरलास?”

“विसरलो नाही. पण तू कधीच आला नाहीस. आणि यंदा मी मोडणार आहे.”

क्रस्तानने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तो म्हातारा तुझ्या हातात देणार?”

“शब्द दिलाय.”

“शब्द काय, कोपरालाही गूळ लावता येतो. पण येईन. तुझ्यासाठी नाही. बाबा असते तर त्यांना बघायला आवडलं असतं म्हणून.”

संत जॉर्जच्या दिवशी मक्रेनिनांचं घर माणसांनी फुलून गेलं. शेवयांचं सूप, कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण, अक्रोड घालून साखरेत घोळलेले गहू, सगळं तयार. ऑस्तोयाचा सूट काखेत जरा काचत होता. त्याने दोनदा हात धुतले. क्रस्तान दाराशेजारच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. पाद्री तोच, आता पांढरी दाढी झालेला. मेणबत्ती लागली, प्रार्थना झाली. प्रोका खुर्चीचा आधार घेऊन उठला. टेबलावर रोट, आणि रोटाखाली नवा भरतकामाचा रुमाल.

तो रुमाल ऑस्तोयाच्या ओळखीचा होता. शरदभर स्मिल्या अंगणात बसून तो भरत होती. विचारलं तर म्हणाली होती, चर्चला द्यायचाय. आता कोपऱ्यातली लाल अक्षरं त्याला दिसली. पहिलं अक्षर ‘मि’ होतं.

“हा रोट मी मक्रेनाच्या रक्ताच्या हाती देतो,” प्रोका म्हणाला. आवाज म्हातारा होता पण अडखळला नाही. “मिलिवॉय, ये पुढे.”

 मिलिवॉय पुढे आला. त्याने शर्टाच्या बाह्या आधीच दुमडून ठेवल्या होत्या. बापाच्या जवळून जाताना त्याने नजर खाली घातली, पण पाय थांबवले नाहीत. त्याने रोट हातात घेतला, पाद्रीने दुसऱ्या बाजूने धरला, आणि रोट फिरू लागला. मग पाद्रीने सवयीने मागे हात केला, वाइनसाठी.

वाइनचा चंबू ऑस्तोयाच्या हातात होता.

त्याने पुढे होऊन वाइन ओतली. आडवी, मग उभी, क्रॉस करतात तशी. थेंब इकडेतिकडे सांडला नाही. मुलगा आणि पाद्री यांनी रोट मोडला, त्याचे तुकडे ओठांना लावले, आणि सगळ्यांनी ‘स्लावा सुखाची होवो, यजमान’ म्हटलं. ते मिलिवॉयला म्हटलं. ऑस्तोयाला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर माणसांत कपडे उतरवले असते तरी एवढी लाज वाटली नसती. आणि लाज वाटण्यासारखं त्याने काहीच केलेलं नव्हतं, हे तर आणखी वाईट. तरी तो वाढत राहिला. पेले भरले, ताटल्या उचलल्या, ब्रेड कापला. घरात पाहुणे असताना भांडण काढायचं नाही, हे त्याच्या बापाने शिकवलं होतं, आणि बापाचं म्हणून त्याच्याजवळ दुसरं काहीच उरलं नव्हतं.

नेस्तोर लोहार जेवण अर्धवट टाकून उठला. आयुष्यभर ज्याची टर उडवली त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच म्हणाला, “केसाने गळा कापला रे तुझा.” या वेळी त्याने त्याला स्मिलिन म्हटलं नाही.

क्रस्तानने गव्हाचा दाणाही तोंडात घातला नाही. ऑस्तोया त्याला बसथांब्यापर्यंत पोचवायला गेला.  थांब्यावर क्रस्तान म्हणाला, “तुला एक सांगू? बाबा दर लूकाच्या दिवशी रोटाचा एक तुकडा बाजूला काढायचे. म्हणायचे, हा ऑस्तोयाचा. संध्याकाळी कोंबड्यांना घालायचे, पण काढायचे.”

ऑस्तोयाने विचारलं, “आणि ते गेल्यावर?”

“मी नाही काढत.”

“क्रस्तान, मी परत वुकायलोविच लावलं तर?”

“लाव की. कचेरीत लावून देतील.”

“कचेरीचं नाही विचारत. वर आपल्या घरी विचारतोय. लूकाच्या दिवशी आलो तर?”

 क्रस्तान रस्त्याकडे बघत म्हणाला, “खोटं कशाला बोलू, दादा? तू आज एका दिवसात तोंडावर पडलास. बाबा रोज थोडे थोडे पडत होते, आणि ते मी बघत होतो. मला नाही जमणार.” बस आली आणि तो चढला. ऑस्तोया धुळीत उभा राहिला. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती धुपाटणं आलं असं म्हणतात. याच्या हाती तेही नव्हतं.

सकाळी स्वयंपाकघरात स्मिल्या पाहुण्यांचे पेले पुसत होती.

“तुला ठाऊक होतं,” ऑस्तोया म्हणाला.

“होतं.”

“कधीपासून?”

“मिलिवॉय झाला तेव्हापासून. बाबा म्हणाले, आता काळजी मिटली.”

“आणि तू मूग गिळून बसलीस? एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपलीस आणि...”

“सांगितलं असतं तर तू निघून गेला असतास.”

“गेलो असतो. मग?”

“मग शेत कोण बघणार होतं?”

बोलून गेल्यावर तिने स्वतःच जीभ चावली. कदाचित तिला म्हणायचं होतं, मग मी कशी राहिले असते. इतक्या वर्षांच्या संसारात ते नक्कीच खरं होतं. पण बाहेर पडलं ते शेत, आणि ऐकणाऱ्याला बाहेर पडलेलंच धरून चालावं लागतं. ऑस्तोयाने तिच्या हातातला पेला घेतला, पुसून फडताळात ठेवला, आणि बाहेर गेला.

मिलिवॉय गाडीत सामान भरत होता. “बाबा, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय,” तो म्हणाला. “मिळालं ते शेवटी तुमच्याच मुलाला ना? घराबाहेर काय गेलं?”

“काही नाही गेलं. मी तेवढा गेलो.”

“आजोबांची जुनी समजूत आहे. त्यांचं मन राखलं एवढंच.”

“मला आधी सांगायला तुझं तोंड कुणी धरलं होतं?”

 मिलिवॉयने सॉसेजची पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि तशीच सोडून निघून गेला. त्याला अपराधी वाटत होतं. पण घराचा यजमान होण्याचं सुखही होतं, आणि दोन्हींत जड काय ते त्याने बाह्या दुमडल्या तेव्हाच ठरलेलं होतं.

शनिवारी ऑस्तोया नेहमीप्रमाणे वस्तरा घेऊन सासऱ्याकडे गेला. गावात म्हणत होते, वस्तरा त्याच्या हातात असून म्हातारा जिवंत आहे हीच प्रोकाची कमाई. साबण लावता लावता ऑस्तोयाने विचारलं, “मक्रेनाच्या रक्ताला म्हणालात. मक्रेना तरी या घराच्या रक्ताची कुठे होती? तीही बाहेरूनच आली होती, सून म्हणून.”

“ती बाई होती,” प्रोका म्हणाला. “बाई बाहेरूनच येते. पुरुष बाहेरून आला तर तो पाहुणा, नाहीतर गडी.”

“आणि तुम्ही दिलेला शब्द?”

“मला नातू हवा होता. शब्द दिला नसता तर तू राहिला असतास का?”

असं सरळ उत्तर ऑस्तोयाला अपेक्षित नव्हतं. म्हाताऱ्याला ते बोलताना जराही लाज वाटत नव्हती. बैल विकत घेतानाचा सौदा सांगावा तसा तो सांगत होता. ऑस्तोयाने दाढी पूर्ण केली, मानेवरचा साबण पुसला, आणि आपली गादी उचलून अंगणाच्या टोकाला उन्हाळी स्वयंपाकघरात राहायला गेला. तिथे एक चूल होती, एक टेबल आणि दोन खुर्च्या. डुकरांना तो घालत राहिला, मका त्याने काढला. जनावरांनी काही बिघडवलं नव्हतं. मोठ्या घरात मात्र तो शनिवारच्या दाढीपुरताच जायचा, आणि तिथे पाणीही घ्यायचा नाही.

वसंतात त्याने कचेरीत जाऊन आडनाव परत घेतलं. खिडकीतली पोरगी म्हणाली, “काका, या वयात?” तो म्हणाला, “या वयातच कळलं, बाळ.” एका अंगणात आता वुकायलोविच आणि मक्रेनिन राहू लागले. गुत्त्यात कुणी स्मिलिन म्हणेना. लोकांना वाटलं, त्याला लागेल. त्यामुळे झालं असं, की त्याला हाक मारायला कुणाकडे नावच उरलं नाही. तो आला की सगळे नुसते सरकून जागा द्यायचे. त्याने तिकडे जाणं सोडलं.

शरदात संत लूकाचा दिवस आला. ऑस्तोयाने स्वतः पीठ मळलं. रोटाला एका बाजूला चीर गेली, गहू जरा कच्चे राहिले. सकाळी पाद्री आला. बोलावल्यावाचून आला, कारण चर्चच्या भिंतीपाशी दिलेल्या शब्दाचा तो साक्षीदार होता, आणि संत जॉर्जच्या दिवशी सगळ्यांसारखा तोही गप्प राहिला होता. दोघांनी रोट फिरवला.  “माफ कर,” तो म्हणाला. ऑस्तोया म्हणाला, “वाइन घ्या, फादर.” पाद्रीने एक पेला घेतला आणि गेला.

मग ऑस्तोया उभा राहिला. मेणबत्ती जळत होती, टेबलावर ताटल्या मांडलेल्या होत्या. मोठ्या घराच्या खिडकीचा पडदा दोनतीनदा हलला. डोंगरावरून कुणी येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी दुपारच्या बसचा आवाज ऐकून तो दारापर्यंत जाऊन आला. मिलिवॉयला हा दिवस माहीत होता. तो आला नाही. ऑस्तोया बसला नाही. पाय सुजले तसे त्याने चुलीला हात टेकला, एवढंच.

उतरत्या दुपारी फाटक वाजलं. स्मिल्या होती. ती अंगणातून आली नव्हती. मोठ्या घराच्या पुढच्या दाराने रस्त्यावर जाऊन, वळसा घालून, पाहुण्यासारखी बाजूच्या फाटकाने आली होती. अंगावर चर्चला घालायचा कोट, डोक्याला रेशमी रुमाल, हातात कॉफीचं पाकीट आणि साखरेचा पुडा. उंबऱ्याशी थांबून ती म्हणाली, “स्लावा सुखाची होवो, यजमान.”

हे शब्द त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटले होते.  त्याने पुढे होऊन कॉफी आणि साखर दोन्ही हातांनी घेतली.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

स्मिल्याने चमकून वर पाहिलं. “अरे, मी आहे.”

“दिसलं मला. बसा ना. उभ्या का?”

ती बसली. त्याने तिला गहू वाढले, रोटाचा तुकडा दिला, पेला भरला. ती खाली मान घालून खात राहिली. गहू दातांत कचकचत होते.

“चांगले झालेत,” ती म्हणाली.

“कच्चे राहिलेत. सांभाळून घ्या.”

“ऑस्तोया, असं नको बोलूस माझ्याशी. शिव्या दे. मोड, फोड काहीतरी. मी त्या दिवशी शेताचं बोलले, ते तसं नव्हतं रे.”

“सूप घ्या. गरम आहे.”

तिचे डोळे भरून आले. काय करावं ते न सुचून ती उठली आणि सवयीने रिकाम्या ताटल्या एकात एक ठेवू लागली, बादलीकडे न्यायला. ऑस्तोयाने तिच्या हातातून त्या हलकेच काढून घेतल्या.

“राहू द्या,” तो म्हणाला. “आमच्या घरी पाहुण्यांना भांडी घासायला लावत नाहीत.”

स्मिल्या रिकाम्या हातांनी तशीच उभी राहिली. मग तिने कोटाची बटणं लावली, आणि ऑस्तोया तिला रीतीप्रमाणे फाटकापर्यंत पोचवायला गेला.